खोटी शाळा

लिफ्ट बसवून झाली म्हणून तिच्यात लगेच माणसं घालत नाहीत. आधी ती रिकामी वर-खाली फिरवतात. मग वाळूची पोती भरून फिरवतात. दोर ताणतो का, ब्रेक धरतो का, सगळं बघून झालं की मग माणसांची पाळी. मिस्त्रीचं अर्धं आयुष्य या कामात गेलं होतं आणि त्याच्या बायकोला या चाचणीचं भारी हसू यायचं.

"त्या पोत्यांचा काय थाट," ती म्हणायची. "फुकट वर, फुकट खाली. आणि आम्ही बाजाराच्या पिशव्या घेऊन जिने चढतोय."

कारण दुसऱ्यांच्या इमारतींत लिफ्ट बसवणारा मिस्त्री स्वतः राहायचा तिथे लिफ्ट नव्हती.

पण हसता हसता तिने ती युक्ती उचलली. लेकीला, टिल्लीला, बालवाडीत घालायचं ठरलं तेव्हा शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात तिने घरात जाहीर केलं, "उद्यापासून खोटी शाळा." म्हणजे सकाळी वेळेवर उठायचं, अंघोळ, नवा गणवेश, दप्तर, डबा, आणि निघायचं. शाळा बंद असली तरी जायचं. मिस्त्री तोवर कामाला निघालेला असायचा. संध्याकाळी आल्यावर तो विचारायचा, "झाली का खोटी शाळा?"

"झाली."

"रडली का?"

"खोट्या शाळेत कोण रडतंय?"

आणि खऱ्या शाळेतही टिल्ली रडली नाही. अख्खी बालवाडी भोकाड पसरून बसली होती आणि ही आपल्या जागेवर जाऊन डबा उघडून मोकळी. ही गोष्ट मिस्त्रीच्या बायकोने भेटेल त्याला सांगितली. पुढच्या वर्षी पुन्हा खोटी शाळा, पुन्हा तीच गोष्ट.

मग हिवाळ्यात ती गेली. आजार म्हणावा तर एवढासा होता, ताप होता, पण त्याने माणूस नेलं. त्याबद्दल जास्त काय सांगायचं. लोक आले, बसले, "पोरीकडे बघून दिवस काढ" म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. पोरीकडे बघायला सकाळी वेळ लागतो, डोक्याला तेल लागतं, डब्यात काहीतरी घालावं लागतं, हे त्यांच्यातलं कुणी बोललं नाही.

बोलली ती एकटी मावशी. मिस्त्रीच्या बायकोची थोरली बहीण. राहायची परगावी, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तोंडाची फटकळ, पण घर माणसांनी भरलेलं. सगळं आटोपल्यावर ती बॅग भरता भरता म्हणाली, "जावईबापू, पोर मी नेते."

"नाही," मिस्त्री म्हणाला.

"नाही काय? तुम्ही उजाडता निघता ते दिवे लागल्यावर येता. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की भरल्या ताटावरून उठता. पोरीला काय हत्यारांच्या पिशवीत घालून नेणार?"

"नेईन, ताई."

"आणि वेणी कोण घालणार?"

"शिकेन."

मावशीने बॅगेची चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. "शिका. नव्या शाळेत पहिलीत जायचीय ती. तोवर राहू दे तुमच्याकडे. शाळा उघडेल त्या दिवशी मी येईन. पोर नीट शाळेत गेली, रुळली, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही रुळली, तर तुम्ही काढायचा नाही. ठरलं?"

"ठरलं," मिस्त्री म्हणाला. रागात म्हणाला, पण म्हणाला.

वेणी तो शिकला. लिफ्टचा दोर तारांचे पीळ घालून केलेला असतो, त्यामुळे पीळ म्हणजे काय ते त्याला कळत होतं. अडचण एवढीच की तो घट्ट घालायचा.

"बाबा, ही वेणी नाही, वायर आहे," टिल्ली आरशात बघून म्हणायची. "माझे डोळे वर ओढलेत."

"सुटणार तर नाही ना?"

"कधीच नाही."

सुट्टीभर शेजारणीने पोरीला सांभाळलं. शाळा सुरू झाली की शेजारीणही सकाळचं काम धरणार होती. दुपारी ती घरी परत येणार होती, त्यामुळे तिथून पुढचा प्रश्न नव्हता. प्रश्न सकाळचा होता. आणि सकाळसाठी मिस्त्रीकडे बायकोने ठेवलेली एक गोष्ट होती.

शाळा उघडायला आठवडा राहिला तेव्हा त्याने सकाळी कामावर उशिरा यायची परवानगी काढली आणि टिल्लीला सांगितलं, "उद्यापासून खोटी शाळा."

टिल्लीने त्याच्याकडे बघितलं. आई गेल्यापासून ती फार प्रश्न विचारत नसे. सांगितलं ते करायची, निमूट. लोक म्हणत, किती गुणी पोर आहे. मिस्त्रीलाही बरं वाटायचं.

नवी शाळा मोठी होती. भिंत उंच, गेट लोखंडी, गजांचं. घरातून खाली उतरायचं, लाँड्रीवरून पुढे जायचं, औषधाच्या दुकानापाशी वळायचं की समोर गेट. पहिल्या सकाळी दोघं तिथे पोचले तेव्हा गेटला कुलूप होतं. आत खुर्ची टाकून वॉचमन बसला होता.

"शाळा बंद आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. पोरीला जरा आत..."

"उघडल्यावर या."

इथे बायको असती तर तिने त्याला विचारलं असतं, सकाळपासून बसलाय, चहा तरी झाला का? गुडघे दुखतात का? मुलं केवढी आहेत? आणि बघता बघता ती आत असती, वॉचमन तिला वर्ग दाखवत फिरला असता. मिस्त्रीला ते जमण्यातलं नव्हतं. बिघडलेली मोटर तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा, पण माणसांशी बोलायचं खातं घरात बायकोकडे होतं. 'उघडल्यावर या' म्हटल्यावर तो गप्प झाला. वॉचमनने मान फिरवली.

आलोच आहोत तर काहीतरी करायला हवं होतं. "हात लाव," तो टिल्लीला म्हणाला. "गेटला."

टिल्लीने गजाला हात लावला. "आता?"

"आता घरी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी टिल्ली त्याच्या पुढे चालायला लागली. लाँड्री आली की 'लाँड्री' म्हणायची, दुकान आलं की 'औषध' म्हणायची, गेटला हात लावायची आणि भिंगरीसारखी वळायची. मिस्त्रीने मग हळूहळू अंतर वाढवलं. आधी तो चार पावलं मागे राहिला, मग औषधाच्या दुकानापाशीच थांबला. टिल्ली एकटी जायची, हात लावायची, परत यायची.

"काय मिस्त्री," औषधवाला म्हणाला, "रोज गेट तपासायला येता. पडायला आलंय की काय?"

"पोरीची चाचणी चाललीय."

"पास होणार?"

"पैकीच्या पैकी," मिस्त्री म्हणाला. किती महिन्यांनी तो हसून बोलला होता.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी मावशीचा फोन आला. "उद्या सकाळची गाडी धरते. दुपारपर्यंत पोचेन."

"या. बघाच तुम्ही."

"बघतेच," मावशी म्हणाली.

खऱ्या दिवशी रस्ता मुलांनी भरून गेला होता. नवे बूट, नवी दप्तरं, आणि रडारड तर विचारू नका. एक मुलगा आईच्या पदराला धरून रस्त्यावर बसला होता, एक मुलगी वडिलांच्या गळ्यातून सुटायला तयार नव्हती. टिल्लीच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. औषधाच्या दुकानापाशी मिस्त्रीने विचारलं, "आज गेटपर्यंत येऊ?"

"नको. मला येतं."

ती गर्दीत शिरली. त्याला दप्तर दिसलं, मग वायरसारखी वेणी दिसली, मग वर उचललेला हात दिसला. हात गजाला लागला. तेवढ्यात फोन वाजला. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक म्हातारे गृहस्थ होते. मिस्त्रीने फोन कानाला लावून पुन्हा बघितलं. सगळी गर्दी आत चालली होती. हात दिसेना. गेली, त्याच्या मनात आलं. गेली बघ नीट.

तो निघाला.

लिफ्टमधल्या गृहस्थांना बाहेर काढताना त्याच्याने राहवलं नाही. "आज माझी मुलगी पहिलीत गेली. सगळी मुलं रडत होती. ती नाही रडली."

"मी रडलो की इथे," गृहस्थ घाम पुसत म्हणाले. "तुझी मुलगी माझ्यापेक्षा शूर दिसते."

ते वाक्य मिस्त्रीने जपून ठेवलं. दुपारी मावशी आली की तिला ऐकवायचं होतं.

शाळा सुटायच्या वेळी तो गेटपाशी हजर होता. सगळ्यांच्या आधी, हात धुऊन, शर्ट खोचून. मुलं बाहेर आली. पहिलीची रांग आली, संपली. टिल्ली नव्हती. तो थांबला. दुसरीची आली. मग त्याने रांगेमागून आलेल्या बाईंना गाठलं आणि मुलीचं नाव सांगितलं.

"ती आज आलीच नाही," बाई म्हणाल्या. "मी हजेरी घेतली ना."

"आली. मी सोडली. मी बघितलं की. गेटला हात लावला तिने."

"हात लावला?" बाईंनी विचारलं.

त्यांना खरंच कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं. आणि मिस्त्रीला कळलं. तो गेटकडे बघत राहिला. गजाच्या त्या उंचीला रंग जरा पुसट झाला होता, किंवा त्याला तसं वाटलं. मग तो पळत सुटला. औषध, लाँड्री. औषधवाल्याने मागून काहीतरी विचारलं ते त्याने ऐकलं नाही.

जिन्यात, घराच्या कुलूप लावलेल्या दारासमोर, मावशी स्वतःच्या बॅगेवर बसली होती. शेजारी पायरीवर टिल्ली. दप्तर अजून पाठीला.

"फोन कुठे असतो तुमचा?" मावशीने विचारलं.

फोन हत्यारांच्या पिशवीत होता.

टिल्ली उभी राहिली. "बाबा, तू कोपऱ्यावर नव्हतास. मग मी एकटीच घरी आले. मला रस्ता येतो."

"कधीपासून बसलीयस?"

"डबा खाल्ला. मग झोपले. मग मावशी आली." त्याच्या तोंडाकडे बघून तिचा आवाज बारीक झाला. "मी बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस," मिस्त्री म्हणाला. "तू अगदी बरोबर केलंस."

कुलूप उघडताना किल्ली लागेना. मावशीने ती त्याच्या हातातून घेतली आणि दार उघडलं. आत गेल्यावर टिल्लीला हातपाय धुवायला पाठवून ती हळू आवाजात म्हणाली, "गेटला हात लावून परत यायचं, हे कुणाच्या डोक्यातलं?"

"तिची आई करायची. खोटी शाळा."

"माझी बहीण?" मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "अहो, ती आत घेऊन जायची पोरीला. त्या बालवाडीच्या बाईंना आदल्या दिवशी भेटून किल्ली मागायची. बाकावर बसवायची, डबा तिथे खायला लावायची, मोरी कुठे आहे ते दाखवायची. आणि मग स्वतः बाहेर जाऊन भिंतीआड उभी राहायची. एकदा मी आले होते तेव्हा मलाच बाई केलं होतं. खडू घेऊन हजेरी घेतलीय मी. एका मुलीची! आईशिवाय आत बसायचं, तीच तर खोटी शाळा होती. तुम्ही कधी बघितली नाहीत?"

"मी कामावर असायचो."

"कधी विचारलंही नाहीत?"

"विचारायचो. झाली का म्हणून."

"आणि ती 'झाली' म्हणायची," मावशी म्हणाली.

न्हाणीत नळ चालू होता. टिल्ली पाण्याशी खेळत होती. मिस्त्री खुर्चीवर बसला. रिकामी लिफ्ट वर जाते आणि खाली येते, तिच्यातून कुणी उतरत नाही. उतरायचं असतं ते माणसांनी. आठवडाभर त्याने पोरीला रिकामी फिरवली होती, आणि पैकीच्या पैकी म्हणून सांगत सुटला होता.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन थेट गेटमधून आत जायला निघाला. टिल्ली गेटपर्यंत छान आली. गजाला हात लावला आणि पाय वळले. "आत जायचं, टिल्ले," तो म्हणाला. तिने मान हलवली, हो म्हणाली, पुन्हा पुढे झाली, पुन्हा हात लावला, पुन्हा वळली. तिचा हट्ट नव्हता. तिला पुढचं येत नव्हतं. बाई बाहेर आल्या आणि त्यांनी प्रेमाने हात धरून तिला आत ओढलं, तेव्हा ती किंचाळली. आई गेली तेव्हाही ती अशी किंचाळली नव्हती. तेव्हाचं सगळं जणू आत्ता, त्या गेटमध्ये निघालं.

त्या आठवड्यात मिस्त्रीने कामावर सुट्टी टाकली. मावशी राहिली. एक दिवस तिने नेऊन बघितलं, एक दिवस दोघांनी. वॉचमनने उचलून न्यायचा प्रयत्न केला तर टिल्ली त्याला चावली. आतल्या मुलांना खेळ सापडला. टिल्ली दिसली की मुलं गजांपलीकडे उभी राहून ओरडायची, "गेट आली! गेट आली!" मग टिल्ली औषधाच्या दुकानापाशीच थांबायला लागली, आणि पुढे पुढे लाँड्रीपाशी. औषधवाल्याने दुकानातून मान बाहेर काढली नाही. शहाणा माणूस.

मिस्त्री वाट बघत होता की मावशी कधी म्हणते, 'बघा, मी सांगितलं होतं.' ती म्हणाली असती तर भांडता आलं असतं. ती नाही म्हणाली. एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आमच्याकडची शाळा उघडायचीय अजून. लहान आहे. तिला गेट नाही, नुसतं अंगण आहे."

"ठरलं होतं आपलं," मिस्त्री म्हणाला.

"ठरल्याचं ठेवा बाजूला, जावईबापू. मी काही पैज जिंकायला नाही आले. तुम्ही राहू दे म्हणालात तर..." तिने वाक्य सोडून दिलं. कारण राहू दे म्हटल्यावर सोमवारी काय, हे दोघांनाही माहीत होतं. मिस्त्रीचे फोन येतच होते. लोक अडकतच होते.

"न्या," तो म्हणाला.

टिल्लीला सांगितलं. मावशीच्या घरी कोण कोण आहे ते तिला माहीत होतं. मांजर आहे तेही माहीत होतं. ती म्हणाली, "बाबा, आधी खोटं खोटं जाऊन बघायचं?"

मावशी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मिस्त्री टिल्लीला घेऊन बस स्टँडवर गेला. वेणी त्याने सैल घातली होती. मावशीच्या गावाची गाडी उभी होती, सुटायला वेळ होता. दाराशी कंडक्टर पाय पसरून बसला होता.

"तिकीट?" तो म्हणाला.

"आजचं नाही. उद्या जाणार आहे ती," मिस्त्री म्हणाला. नेहमीचा मिस्त्री इथे थांबला असता. तो थांबला नाही. "सकाळपासून उभ्यानेच असाल तुम्ही. पाय दुखले असतील. हिला जरा आत बसवून बघू का? पहिल्यांदाच एकटी... म्हणजे माझ्याशिवाय जाणार आहे. सवय होऊ दे."

कंडक्टरने टिल्लीकडे बघितलं, पाय आवरले आणि बाजूला सरकला. "बसू दे की. खिडकी पाहिजे का गं तुला? ती बघ, तिसरी, काच नीट सरकते." मग मिस्त्रीला म्हणाला, "माझीही एवढीच आहे."

एवढंच होतं. एवढंच बोलायचं होतं त्या वॉचमनशी. मिस्त्री दाराचा दांडा धरून उभा राहिला आणि कंडक्टर आपल्या मुलीबद्दल काहीतरी सांगत राहिला, त्यातलं त्याला काही ऐकू आलं नाही.

मग तो टिल्लीला घेऊन आत चढला. सीटवर बसवलं. दप्तर मांडीवर दिलं. डबा कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवलं. पोटात ढवळलं तर मावशीला लगेच सांगायचं, झोप आली तर तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं. या वेळी त्याने काही सोडलं नाही. मग तो खाली उतरला आणि गाडीला वळसा घालून खिडकीखाली जाऊन उभा राहिला.

टिल्लीने वरून खाली बघितलं. "आता?"

"आता उतरायचं नाही."

"घरी नाही जायचं?"

"आज जाऊ थोड्या वेळाने. उद्या नाही. उद्या बसून राहायचं. गाडी हलली तरी बसून राहायचं."

"आणि तू?"

"मी इथेच उभा. गाडी दिसेनाशी होईपर्यंत."

"कोपऱ्यावरून जाणार नाहीस ना?"

"नाही."

टिल्लीने विचार केला. मग दप्तर छातीशी घट्ट धरलं आणि दुसरा हात खिडकीबाहेर काढून हलवला, निघाल्यासारखा. मिस्त्रीनेही हात वर केला. गाडी जागची हलली नव्हती. पलीकडच्या बाकावरची एक बाई दोघांकडे नवलाने बघत होती. टिल्ली हात हलवत राहिली, आणि ती थांबत नाही तोवर त्यालाही थांबता येईना.